जमीन भाड्याने द्या, हक्कसोड मात्र करू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं माहेर धाराशिव जिल्ह्यात, सासर परभणीला. वडिलांच्या नावावर चौदा एकर जमीन आहे, आजोबांकडून आलेली. मोठा भाऊ ती करतो: सोयाबीन, तूर, पाणी असलं तर थोडा ऊस. आमच्या शिवाराला लागून १३२ केव्हीचं सबस्टेशन आहे. दिवाळीपासून एक एजंट घरी येतोय. एका कंपनीला तिथे ५० मेगावॉटचा ‘बॅटरीचा प्रकल्प’ उभारायचाय. सबस्टेशनकडची सहा एकर, त्यात आमची विहीरही आली, एकोणतीस वर्षांसाठी भाड्याने मागतायत. एकरी वर्षाला ७५ हजार. आत्ता संमतीपत्रावर सही करा, ५१ हजार टोकन घ्या, बाकीचं मागून बघू, असं चाललंय. ‘टायटल क्लिअर’ हवं म्हणून बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या, असं एजंट सांगतो आणि भाऊही आता तेच म्हणतो. वडील गप्प आहेत. गावात कुणी म्हणतं बॅटऱ्या स्कूटरसारख्या पेटतात, कुणी म्हणतं पाणी नासेल, कुणी म्हणतं पाऊस पळेल. घर आणि गोठा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सही करू का? नाही केली तर भाऊ म्हणेल, बहीण आडवी आली.

ताई,

तुमच्या पत्रात दोन वेगळे कागद एकमेकांत गुंतलेत, आणि ते कुणीतरी मुद्दाम गुंतवलेत असा मला संशय आहे. एक भाडेपट्टा, दुसरं हक्कसोडपत्र. कंपनीला काय हवंय? उद्या कुणी हक्कदार उठून कोर्टात जाऊ नये, एवढंच. त्यासाठी तुम्ही जमिनीतून बाहेर पडायची गरज नाही. भाडेपट्ट्यावर वडील आणि भावासोबत तुमची सही झाली की कंपनीच्या वकिलाचं काम होतं, कर्ज देणाऱ्या बँकेचंही होतं. हक्कसोडीत सोय आहे ती एजंटाची. एक सही कमी, प्रश्न विचारणारं एक माणूस कमी.

कायद्याचं बघू. जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. वडील हयात आहेत, लग्न झालंय, सासर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, यातल्या कशानेही तो जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला हे पक्कं केलं. उलट, आजोबांनी ती जमीन स्वतःच्या कमाईतून घेतली असेल आणि त्यांच्या पश्चात वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची धरली जाऊ शकते. तसं असेल तर आज ना तुमचा हक्क ना भावाचा, वडील एकटे भाडेपट्टा करू शकतात. मग हक्कसोड कशाची? दोन्हीपैकी काहीही खरं असो, तो कागद या व्यवहारासाठी लागत नाही. एजंटाला हे एकदा शांतपणे विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

शिवाय हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासात उरकतं, आणि नंतर फिरवायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तुमच्यापुढे आणलेल्या मसुद्यात गट नंबर कोणते लिहिलेत तेही पाहा. बोलणं सहा एकरांचं चाललंय, कागदावर चौदाही असू शकतात.

आता भावाबद्दल. तो लबाडी करतोय असं मी धरून चालत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर सहा एकर जातात म्हणजे त्याचा रोजचा धंदा जातो, तुमचा नाही. विहीरही त्याच्याच पिकांना पाणी देते. म्हणून माझं म्हणणं असं: नाव ठेवा, पैशात ढिलाई करा. भाड्यातला तुमचा वाटा पहिली काही वर्षं भावाला किंवा आईवडिलांच्या औषधपाण्याला द्यायचा असेल तर जरूर द्या, आणि तसं चार माणसांसमोर बोलून दाखवा. बहीण पैशासाठी आडवी आली, हे मग कुणाला म्हणता येणार नाही. भाडं दरवर्षी सोडता येतं आणि मनात आलं तेव्हा पुन्हा मागता येतं. सातबाऱ्यावरचं नाव तसं नसतं.

घरचं एवढं झालं. बॅटरीकडे वळते, कारण ती काय आहे हे कळल्याशिवाय भाड्याचं बोलणं करता येत नाही.

हा वीज तयार करणारा प्रकल्प नाही. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि मागणी तेवढी नसते. संध्याकाळी सात-आठला घरोघरी दिवे, पंखे, मोटारी सुरू होतात तेव्हा सूर्य नसतो. दुपारची वीज साठवायची आणि संध्याकाळी तारांत सोडायची, एवढंच काम. शंभर युनिट आत घातली तर साधारण पंच्याऐंशी बाहेर येतात, बाकीची उष्णतेत आणि यंत्रांत जातात. ५० मेगावॉटचा प्रकल्प दोन तास चालणारा असेल तर साठा १०० मेगावॉट-तासांचा. आजकाल वीस फुटी एका कंटेनरमध्ये सुमारे पाच मेगावॉट-तास मावतात. म्हणजे असे वीस-बावीस कंटेनर, त्यांच्यामध्ये इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर, एक छोटं स्विचयार्ड, कंट्रोल रूम, कुंपण. भारतात हे अगदी नवखं नाही. दिल्लीत रोहिणीला २०१९ पासून १० मेगावॉटचा साठा आहे, छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पासोबत ४० मेगावॉटचा आहे. आता केंद्राने अनुदान दिल्यामुळे राज्याराज्यांत टेंडरं निघतायत. जून २०२५ मध्ये ३०,००० मेगावॉट-तासांसाठी ५,४०० कोटींची योजना आली, म्हणजे दर मेगावॉट-तासामागे १८ लाख.

इतक्या क्षमतेचा सौर प्रकल्प असता तर दोनशे एकर लागली असती आणि कंपनी एखाद्या बरड माळाकडे गेली असती. बॅटरी तीन-चार एकरांत बसते, पण तिला सबस्टेशन जवळ लागतं. लांब लाईन ओढायची म्हटलं की खर्च आला, प्रत्येक शेतकऱ्याशी वाद आला, वर्ष-दीड वर्ष गेलं. तुमच्या सहा एकरांचं मोल मातीच्या पोतावर ठरत नाही, सबस्टेशनच्या भिंतीपासूनच्या अंतरावर ठरतं. एजंट मात्र भाव सांगताना सोयाबीनच्या उत्पन्नाशी तुलना करतो ना? ‘एवढं पीक तरी येतं का’ असं? ती तुलनाच चुकीची आहे. तीन-चार एकरांच्या कामाला सहा एकर कशाला, हेही विचारा. उरलेल्या जागेत पुढे वाढ करायची असेल तर त्या वाढीव क्षमतेचं भाडं आजच ठरलं पाहिजे.

पैशाचा हिशोब तुमच्यासाठी मांडून बघितला. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. तुम्हाला ७५ हजार सांगितलेत म्हणून सगळे खूश. पण पत्रात वाढीचा शब्दही नाही. वाढ नसेल तर पंधराव्या वर्षी त्या योजनेतला शेतकरी तुमच्या पुढे जातो. एकोणतीस वर्षांची बेरीज केली तर त्याला एकरी सुमारे २२ लाख ६१ हजार मिळतात, तुम्हाला २१ लाख ७५ हजार. वर महागाई आहेच. शेवटच्या वर्षी ७५ हजारांत काय येईल याचा अंदाज भावालाच विचारा, तो खताच्या पोत्याचा भाव वीस वर्षांपासून पाहतोय. तेव्हा आकडा किती यापेक्षा आधी दरवर्षीची वाढ मागा. तीनच्या खाली येऊ नका, पाच मागून बघा. सहा एकरांचं पहिल्या वर्षीचं भाडं साडेचार लाख होतं. १०० मेगावॉट-तासांच्या प्रकल्पाला, केंद्राची ती बॅटरीची योजना लागू झाली तर, नुसतं अनुदानच अठरा कोटींचं आहे. लाजायचं कारण नाही.

आणखी एक. हे भाडं शेतीचं उत्पन्न नव्हे, त्यावर आयकर लागतो. तिघांच्या खात्यांत वेगवेगळं जमा झालं तर तिथेही फरक पडतो, आणि तुमचं नाव कागदावर असण्याचं हे एक अगदी व्यवहारी कारण भावाला पटेल.

टोकनबद्दल माझं मत कडक आहे. संमतीपत्र म्हणजे बहुतेक वेळा जमीन अडकवून ठेवायचा कागद. कंपनीला अजून टेंडर मिळालेलं नसतं, महापारेषण या राज्याच्या वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीकडून ग्रीड जोडणी मंजूर झालेली नसते. एजंट पाच-सहा सबस्टेशनांजवळच्या जमिनी अशा ५१ हजारांवर बांधून ठेवतो आणि जिथे काम लागलं तिथली पुढे सरकवतो. तुमची जमीन मात्र दोन-तीन वर्षं कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, कधीकधी पेरायलाही मनाई असते. म्हणून पहिले दोन प्रश्न: टेंडर कुणाचं आणि कधी मिळालं? जोडणीचा अर्ज केलाय का, त्याची प्रत दाखवता का? दोन्हीचं उत्तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असेल तर संमतीपत्राला जास्तीत जास्त बारा महिन्यांची मुदत घाला, मुदत संपली की आपोआप रद्द, टोकन परत नाही, आणि तोवर पीक आमचंच, असं लिहून घ्या. सही करणारी कंपनी कोणती तेही पाहा. प्रत्येक प्रकल्पासाठी नवी कंपनी काढायची पद्धत आहे, तिचं भांडवल एक लाख असू शकतं. तिच्या मागे जी मोठी कंपनी आहे तिची लेखी हमी हवी.

आता आगीचं. लोक स्कूटरचं उदाहरण देतात ते उगाच नाही. लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. अमेरिकेत ॲरिझोनात एप्रिल २०१९ मध्ये अशा एका कंटेनरमध्ये वायू साचला, दार उघडलं तेव्हा स्फोट झाला आणि अग्निशमनाचे जवान गंभीर जखमी झाले. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ जुलै २०२१ मध्ये चाचणी चालू असताना एक युनिट पेटलं, शेजारच्याला लागलं, विझायला चार दिवस लागले. पण तिसरं पेटलं नाही आणि कुणाला इजा झाली नाही. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला जानेवारी २०२५ मध्ये मोठी आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. तिथल्या बॅटऱ्या एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकत्र रचलेल्या होत्या आणि त्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या होत्या. आज उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांत बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट असतं, ते जास्त तापमानापर्यंत टिकतं, आणि कंटेनर उघड्यावर, अंतर ठेवून मांडतात. आग लागली तर पेटलेला कंटेनर जळू द्यायचा आणि शेजारच्यावर पाणी मारायचं, अशीच पद्धत आहे. कडब्याची गंजी पेटल्यावर आपण दुसरी वाचवतो, तसंच.

म्हणजे धोका शून्य नाही, पण गावकरी सांगतात तसाही नाही. तुम्ही कंपनीकडून काय मागायचं ते मोजकं आहे. बॅटरी कोणत्या प्रकारची, ते करारात. यूएल ९५४०ए या आग-चाचणीचा अहवाल. वायू साचला तर ओळखणारी यंत्रणा आणि तो बाहेर सोडायची सोय. आग लागली तर नगरपरिषदेची गाडी किती वेळात येते, तिच्या जवानांना कंपनी प्रशिक्षण देणार का. आणि नकाशावर पहिला कंटेनर तुमच्या गोठ्यापासून किती मीटरवर आहे. मी असते तर घर आणि गोठा यांच्यापासून दीडशे मीटरच्या आत एकही कंटेनर येऊ दिला नसता. जागा सहा एकर घेतायत, तर ते अंतर त्यांना ठेवता येईल. आग लागली तर धूर कुठे जाईल हे वाऱ्यावर आहे. पावसाळ्यात तुमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घर पूर्वेला असेल तर हा मुद्दा आणखी लावून धरा.

आवाजाबद्दल कुणी बोलत नाही, पण मला तो रोजचा त्रास वाटतो. धाराशिवच्या उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सेल पंचवीसच्या आसपास ठेवायचे म्हणजे पंखे आणि थंड करणारी यंत्रं जोरात चालणार, आणि वीज सोडायची वेळ संध्याकाळची, म्हणजे तुमची जेवायची आणि झोपायची. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती घराच्या दारात मोजून पाळायची, असं करारात लिहा. पंख्यांची तोंडं सबस्टेशनकडे ठेवायला फारसा खर्च येत नाही, आराखडा करतानाच सांगितलं पाहिजे.

पाणी नासेल का? रोजच्या कामात नाही. थंड करायचं पाणी बंद नळ्यांत फिरतं, त्यामुळे बोअर उपसायची वेळ येत नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडलं होतं, तसलं काही इथे नाही. प्रश्न येतो तो आगीनंतर मारलेल्या पाण्याचा. ते रसायनं घेऊन उताराने वाहतं, आणि तुमची विहीर त्याच सहा एकरांत आहे. ते पाणी अडवायला अस्तर लावलेला खड्डा हवा. विहीर कुंपणाच्या बाहेर ठेवा, तिच्याभोवती जागा सोडा, पाइपलाइनचा आणि गाडीचा रस्ता भावाच्या नावाने राखून ठेवा. विहीर आत गेली तर बाकीच्या आठ एकरांचं काय करणार? मला विचाराल तर भाड्याच्या आकड्याइतकाच हा मुद्दा मोठा आहे.

पाऊस पळत नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हाही असंच बोललं जायचं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात नद्यांनी शिवारं धुऊन नेली.

तो पूर मात्र विसरू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर चाळीस टनांच्या पुढचा कंटेनर थेट ठेवता येत नाही. म्हणून वरची काळी माती काढतात, मुरूम भरून जागा उंच करतात, काँक्रीटचा पाया घालतात. शिवाय किल्लारी तुमच्यापासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ज्यांनी पाहिलाय त्यांना पाया भूकंपाचा विचार करून घातला पाहिजे हे सांगावं लागत नाही. पण शेत तीन फूट उंच केलं की वरच्या शेतांचं पाणी कुठे जाणार? ते शेजाऱ्याच्या बांधावर चढतं आणि भांडण तुमच्या वडिलांशी होतं, कंपनीशी नाही. पाण्याची नैसर्गिक वाट कुठून आहे ते आत्ता, पेरणीच्या आधी, शेजाऱ्यांना घेऊन दाखवा आणि नकाशात नाला म्हणून काढायला लावा. काढलेली काळी मातीही तुमचीच. गुत्तेदार ती ट्रॉलीने विकून मोकळा होतो. तुमच्या उरलेल्या हलक्या रानात ती पसरून द्यायची, असं एक वाक्य करारात टाका. त्याचा उपयोग भावाला लगेच पहिल्या हंगामात दिसेल.

शेवटाकडचं सगळ्यात दुर्लक्षित असतं. वीज मंडळाशी बॅटरीचे करार साधारण बारा ते पंधरा वर्षांचे असतात, तोवर सेलची ताकदही बरीच कमी झालेली असते. तुमचा भाडेपट्टा एकोणतीसचा. हा आकडा मुद्रांक शुल्कातून आलाय: दहा ते एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याला बाजारमूल्याच्या निम्म्यावर शुल्क, त्याच्या पुढे नव्वद टक्क्यांवर. मग पंधराव्या वर्षी काय? बहुतेक मसुद्यांत कंपनीला तीन-सहा महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाता येतं, मालकाला जमीन परत मागता येत नाही. कंपनी बुडाली तर तुमच्या शेतात वीस कंटेनर जुन्या बॅटऱ्या, काँक्रीट आणि मुरूम. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी त्या बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्यांवर टाकली आहे, पण त्या तुमच्या गटातून उचलून नेण्याचे पैसे आज बाजूला काढलेले असले तरच कुणी येईल. त्यासाठी बँक गॅरंटी मागा, पहिल्या दिवसापासून, आणि दर पाच वर्षांनी ती वाढवायची. ‘जमीन पूर्ववत करून देऊ’ या वाक्यावर समाधान मानू नका. किती खोलीपर्यंत काँक्रीट काढायचं, किती जाडीची काळी माती परत घालायची, किती महिन्यांत, आणि तोवर भाडं चालू, हे शब्द हवेत. कंपनी कर्ज घेताना भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवते, ते चालतं. जमीन गहाण ठेवायची मुभा देणारं वाक्य मसुद्यात कुठे दडलेलं नाही ना, ते वकिलाकडून पाहून घ्या.

आणि आपल्या भागातले कागद म्हणजे वेगळीच कथा. निजामाच्या काळातल्या नोंदी, इनाम, कूळ, वर्ग दोन. सातबारा आज स्वच्छ दिसतो म्हणून थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुने फेरफार, इतर हक्कातली प्रत्येक ओळ काढा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि एजंटाने ‘मी बघतो’ म्हटलं तरी पुढे जबाबदार वडील ठरतात. पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत लागतं. मोजणी सरकारी करून घ्या, खर्च कंपनीचा. बिगरशेती वापराचे नियम अलीकडे बदलत गेलेत, त्यामुळे तहसीलमधून आजची पद्धत लेखी घ्या आणि बिगरशेती फक्त भाड्याच्या जागेची करा. उरलेली आठ एकर शेतीच राहू द्या, वडिलांचं आणि भावाचं शेतकरीपण तिच्यावर आहे.

गावाला नोकऱ्या मिळतील असं कुणी सांगत असेल तर तो आकडा लिहून मागा. बांधकामाचे काही महिने मजूर लागतात, ट्रॅक्टर लागतात, नंतर पहारेकरी आणि एक-दोन तंत्रज्ञ. गावची वीजही यामुळे सुधारत नाही, ती डीपीवर आणि फीडरवर अवलंबून असते. गावाने मागायचं ते रस्त्याचं. एवढे जड ट्रेलर पांदणीवरून आणि जुन्या मोऱ्यांवरून जाणार आहेत. आधी फोटो, नंतर दुरुस्ती, हे ग्रामसभेच्या ठरावात येऊ द्या. शेजाऱ्याच्या रानातून मोठी लाईन गेली तर केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितलाय, हे त्यालाही सांगून ठेवा. प्रकल्पाला विरोध बऱ्याचदा बॅटरीला नसतो, शेजाऱ्याला कुणी विचारलंच नाही याला असतो.

माझा सल्ला विचाराल तर प्रकल्पाला नाही म्हणू नका. सबस्टेशनलगतची जागा एवढ्या भाड्याने एरवी कुणी घेणार नाही, आणि ऊस पाण्यावाचून वाळतो ते वर्ष भावाला या भाड्याचा आधार होईल. एजंट पुढच्या वेळी येईल त्याच्या आधी भावाला फोन करा, वडिलांच्या समोर नको, आणि पहिलं वाक्य हक्काचं नको. विहीर कुंपणाबाहेर कशी ठेवायची, यावर बोला. मग सांगा की भाडेपट्ट्यावर मी सही करते, हक्कसोडीवर नाही, आणि माझ्या वाट्याच्या भाड्याचं आपण घरात ठरवू. वकील तुमचा तुम्ही नेमा, जमिनीच्या कामाचा, तुमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात बसणारा. फी तिघांत वाटून घ्या. कंपनीला मसुदा मराठीत मागा आणि वाचायला किमान पंधरा दिवस. ५१ हजार घेतलेले नसतील तर तोवर घेऊ नका. वडिलांनी घेतले असतील तर पावतीची आणि ज्यावर सही केली त्या प्रत्येक पानाची नक्कल आजच मागवून वकिलाकडे द्या.